पुसायचं काय राहिलंय?

आमच्या ऑफिसात सात कॉम्प्युटर होते आणि सातही मॉनिटरवर मधोमध एक धुरकट पट्टा होता. नवीन माणूस आला की त्याला वाटायचं, मॉनिटर जुने आहेत. ते जुने नव्हते, काकांनी खोडरबराने घासलेले होते.

काका म्हणजे आमचे सगळ्यात सीनियर ड्राफ्ट्समन. समोर असले की काका, आणि पाणी प्यायला उठले की खोडरबर. कागदावर पेन्सिलीने नकाशे काढायचे दिवस केव्हाच संपले होते, तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पांढरा खोडरबर कायम असायचा. ते आवाज न करता तुमच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, थोडा वेळ ड्रॉइंग बघायचे, मग खोडरबर काढून स्क्रीनवरची एखादी नको असलेली रेष खरोखर घासायला लागायचे.

"काका, हा स्क्रीन आहे."

"माहितीय मला. कुठे पुसायचं ते सांगतोय."

बाकी ऑफिसांत साहेब विचारतात, काय काढायचं राहिलंय. काका विचारायचे, पुसायचं काय राहिलंय? त्यांच्या मते ड्रॉइंग पूर्ण झालं हे ओळखायची एकच खूण होती. आणखी एक रेष पुसली तर माणूस चुकेल, अशी वेळ आली की थांबायचं.

ऑफिस काशीमीऱ्याला होतं, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात, पोटमाळ्यावर. खाली ट्रकचं गॅरेज. दिवसभर खालून हातोड्यांचे आवाज यायचे आणि एखादा मोठा ट्रक रिव्हर्स घ्यायला लागला की आमच्या टेबलावरचे पेन आपोआप गडगडत कडेला जायचे. तिथे बसून आम्ही जे काम करायचो ते एका वाक्यात सांगायचं तर उभ्या बिल्डिंगा आडव्या करायच्या. हल्ली आर्किटेक्ट लोक अख्खी बिल्डिंग कॉम्प्युटरमध्ये आधीच बांधून ठेवतात, थ्रीडी मॉडेल. त्यात भिंती, बीम, पाइप, नळ, अगदी दाराच्या कडीचे स्क्रूसुद्धा असतात. पण साइटवरच्या मिस्त्रीला, फ्लॅट घेणाऱ्या माणसाला किंवा आग लागल्यावर जिना शोधणाऱ्याला हे सगळं नको असतं. त्याला हवा असतो एक साधा, सपाट नकाशा. मॉडेलमधून तसे नकाशे काढून देणं हा आमचा धंदा.

"मॉडेलला सगळं माहीत असतं," काका म्हणायचे, "म्हणून तर त्याला काही सांगता येत नाही. रिक्षावाल्याला तू पत्ता विचारलास आणि त्याने तुला अख्ख्या मीरा रोडची माहिती दिली, तर तू पोचशील का घरी?"

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून तिथे लागले त्या दिवशी त्यांनी माझी शिकवणी घेतली ती वडापाववर. स्वतःच्या पैशांनी वडापाव आणला, टेबलावर ठेवला, स्टीलची पट्टी घेतली आणि वडापाव आडवा कापला. वरचा अर्धा भाग उचलून बाजूला ठेवला.

"आता वरून बघ. काय दिसतंय?"

"वडा."

"वडा न्हाय, प्लॅन. बिल्डिंग जमिनीपासून चार फुटांवर अशी कापायची, झाकण काढून ठेवायचं, आणि वरून बघायचं. ही पावाची कड म्हणजे बाहेरची भिंत. हा बटाटा म्हणजे हॉल. ही मिरची धर लिफ्ट. दार, खिडक्या, सगळं कापलं जातं म्हणून दिसतं." मग झाकण उचलून म्हणाले, "पण चार फुटांच्या वर जे असतं ते ह्या झाकणाबरोबर जातं. त्याला विसरायचं नाही." आणि झाकण स्वतः खाल्लं. मला प्लॅन मिळाला.

मूळचे ते भाईंदरच्या पलीकडच्या, खाडीकाठच्या डोंगरी गावचे. एरवी आमच्यासारखंच शहरी मराठी बोलायचे, पण एखादी गोष्ट मनापासून आवडली की गावची बोली तोंडात यायची. 'न्हाय' ऐकू आलं की आम्ही समजायचो, आज साहेब खूश आहेत.

त्यांचा सगळ्यात त्रासदायक नियम म्हणजे पास. कुठलाही नकाशा ऑफिसबाहेर जायच्या आधी तो अशा माणसाला दाखवायचा, ज्याला नकाशातलं काही कळत नाही. समजावून सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही. कागद पुढे ठेवायचा आणि म्हणायचं, वाचा. त्या माणसाला कळलं तर पास. सुरुवातीला हे काम इस्टेटच्या गेटवरचा चहावाला करायचा. पण वर्षभरात तो इतका तयार झाला, की एकदा मला म्हणाला, "मॅडम, इसमें डक्ट का दरवाजा उल्टा खुल रहा है." बरोबर होतं त्याचं. पण काकांनी त्याला त्याच दिवशी बाद केलं. "तू शिकलास. आता तुझा उपयोग नाही." चहावाल्याला फार वाईट वाटलं. दोन दिवस त्याने काकांच्या चहात आलं घातलं नाही.

त्यानंतर काका नवीन माणसांच्या शोधात गॅरेजमध्ये फिरायला लागले. ट्रक दुरुस्त होईपर्यंत टायरवर बसलेल्या ड्रायव्हरच्या हातात ते फ्लॅटचे नकाशे द्यायचे. एका पंजाबी ड्रायव्हरने एका महागड्या फ्लॅटचा नकाशा दहा मिनिटं वाचला आणि विचारलं, "सब ठीक है जी, पर बंदा जूते कहाँ उतारे?" दाराजवळ खरंच जागा नव्हती. ती सूचना आर्किटेक्टपर्यंत गेली आणि तिथे एक कोनाडा निघाला. काका आठवडाभर त्या ड्रायव्हरचं नाव घेत होते.

नकाशात माणसं दाखवायला मात्र त्यांचा सक्त विरोध. मॉडेलमधून जे फिरते व्हिडिओ बनवतात त्यात सोनेरी केसांची माणसं सोफ्यावर बसलेली असतात, तसली माणसं त्यांना डोळ्यांसमोर नको असायची. त्यात लाल पर्स घेतलेली एक बाई होती. ती कुठल्याशा तयार संचातली असल्यामुळे सगळ्याच बिल्डरांच्या व्हिडिओत यायची. ती पडद्यावर दिसली की काका उठून नमस्कार करायचे. "या बाई, आज कोणाकडे?" मीरा रोडमध्ये तिच्याइतके फ्लॅट कोणीच बघितले नसतील असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या सपाट नकाशात चुकून कोणाचं डोकं राहिलं तर खोडरबर तिथे आधी पोचायचा.

हायवेवरच्या एका हॉटेलसाठी मी एकदा आगीच्या वेळचे नकाशे केले होते, 'तुम्ही इथे आहात' असं लिहिलेले. एकच नकाशा छापून हॉटेलवाल्यांनी प्रत्येक मजल्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लावला. काका तो तपासायला एकटेच गेले. भिंतीसमोर उभं राहायचं, नकाशा वाचायचा आणि आजूबाजूला न बघता तो सांगेल तसं चालायचं. दोन तासांनी ते ऑफिसात आले ते पान खात.

"तुझा नकाशा फार चांगला आहे. त्याच्याप्रमाणे आग लागली की सगळे जेवायला जातात."

झालं होतं असं, की समोरच्या भिंतीवर तोच कागद लावल्यामुळे डावं उजवं झालं होतं. काका इमानदारीत उजवीकडे वळले आणि जिन्याऐवजी बँक्वेट हॉलमध्ये निघाले. तिथे कोणाचा तरी साखरपुडा होता. मुलीकडच्यांना ते मुलाकडचे वाटले, मुलाकडच्यांना मुलीकडचे, आणि दोघांनी मिळून त्यांना आग्रहाने वाढलं. मग आम्ही प्रत्येक भिंतीसाठी वेगळा नकाशा केला, माणूस ज्या दिशेला तोंड करून उभा असेल ती दिशा वर. काम दुप्पट झालं, पण काकांना त्या साखरपुड्याच्या बासुंदीची चव रिटायर होईपर्यंत आठवत होती.

पुढे आमच्याकडे एक नवीन सॉफ्टवेअर आलं. बटण दाबलं की मॉडेल आपोआप चार फुटांवर कापून सगळ्या मजल्यांचे सपाट नकाशे बाहेर. आम्हाला वाटलं आता काका बिथरणार. पण ते लहान मुलासारखे हरखले. दिवसातून चार वेळा बटण दाबायला यायचे. "काढायचं काम त्याच्याकडे, पुसायचं माझ्याकडे. अजून काय पाहिजे?" फक्त पास करून घ्यायचा नियम बटणालाही लागू राहिला.

आणि तो नियम मी एकदाच मोडला. तो कोणाच्या बाबतीत, ते सांगायला आजही जीभ जड होते.

आमची भाईंदरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हाची गोष्ट. जुनी चार मजली, बत्तीस बिऱ्हाडं, बरीचशी आमच्यासारखी रायगड-रत्नागिरीकडची, थोडी गुजराती. जिन्यात टेकू लावलेले. बिल्डरने कंपाउंडमध्ये मांडव घालून मोठ्या पडद्यावर नवीन बिल्डिंग दाखवली. लाल पर्सवाली बाई आमच्या होणाऱ्या किचनमधून फिरली. आई माझ्या कानात म्हणाली, "ही कोण? हिला आपल्या घरात कोणी घेतलं?"

करारनाम्याला प्रत्येक फ्लॅटचा नकाशा जोडायचा होता आणि ते काम योगायोगाने आमच्या ऑफिसकडे आलं. काका त्या वेळी पुतण्याच्या लग्नासाठी चार दिवस गावी होते. मी दुपारी बटण दाबलं, संध्याकाळपर्यंत बत्तीस नकाशे साफसूफ केले आणि पाठवून दिले. म्हटलं, आपलीच बिल्डिंग, आपलीच माणसं, पास कसलं करून घ्यायचं? खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. आमच्या चाळीसारख्या बिल्डिंगमधली मुलगी बिल्डिंगचे नकाशे काढते हे सगळ्यांना दिसावं, असं वाटत होतं.

आईने तो कागद टेबलावर ठेवला आणि दारापासून बोट चालवत निघाली. "हा दरवाजा. हा हॉल. इथून किचन." बोट थांबलं. "खिडकी कुठाय?"

"असेल गं तिथेच."

"नाहीये. भिंत आहे नुसती."

मी मोबाइलवर मॉडेल उघडून तिला किचनमध्ये नेलं. खिडकी होती, काचेची, छान. ती म्हणाली, "सही मोबाइलवर करायचीय का?"

"नाही. कागदावर."

"मग कागदावर खिडकी नाहीये."

"आई, अगं तो मी स्वतः काढलाय."

"म्हणून तर तुला विचारत्येय."

तिथून जे अडलं ते अडलं. एकेक करत जवळजवळ सगळ्यांच्या सह्या झाल्या, आई काही हलेना. बिल्डर म्हणाला, सगळ्यांच्या सह्यांशिवाय मी कुदळ मारणार नाही. सेक्रेटरी तीनदा घरी आले, मोबाइलवर तीच खिडकी तीनदा दाखवून गेले. जिन्यात आम्ही दिसलो की लोक बोलायचे थांबायला लागले. त्यात एक दिवस दुसऱ्या मजल्यावर छताचा पापुद्रा पलंगावर पडला. नशिबाने पलंगावर कोणी नव्हतं. पण त्या संध्याकाळी त्या घरातली बाई आमच्या दारात येऊन आईला म्हणाली, "तुमच्या एका खिडकीपायी आमची पोरं मारणार का?" आईने दार लावून घेतलं आणि भात टाकला.

मी काय केलं? ऑफिसात मॉडेल पुन्हा उघडलं, खिडकी जागेवर आहे हे बघितलं आणि ठरवून टाकलं, की बाबा गेल्यापासून आई हट्टी झालीय. तिला हे घर सोडायचं नाहीये आणि खिडकी हे निमित्त आहे. कागद मी पुन्हा बघितलाच नाही. आईशी बोलणंही कमी केलं. इतका राग आला होता मला तिचा.

काका लग्नाहून परतल्याला तीन-चार आठवडे झाले असतील, तेव्हा एकदा डबा खाताना मी हे सगळं रडगाणं गायले. त्यांनी घास खाली ठेवला.

"काय म्हणते आई? नेमके शब्द सांग."

"कागदावर खिडकी नाहीये म्हणते."

"नकाशा पास कोणी केला?"

मी डब्यात बघायला लागले.

"उठ," काका म्हणाले. "चल घरी."

आम्ही भर दुपारी बसने भाईंदरला आलो. आईला वाटलं, सही मागायला आणखी एक जण आला. तिने चहा ठेवला, पण चेहरा घट्ट. काकांनी कागद तिच्यापुढे सरकवला. मोबाइल काढला नाही, सेक्रेटरींचं नाव काढलं नाही.

"ताई, वाचा."

आईने पुन्हा दारापासून बोट चालवलं. हॉल, किचन, भिंत. "खिडकी नाही."

काकांनी चष्मा लावला. कागद डोळ्यांजवळ नेला. मग हसायला लागले, पोट धरून. "हाय बरोबर. खिडकी न्हाय." माझ्याकडे वळून एकच शब्द बोलले, "झाकण."

माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या दिवशीचा वडापाव आला. किचनची खिडकी साडेचार फुटांवर सुरू होत होती. बटणाने बिल्डिंग चार फुटांवर कापली होती. खिडकी झाकणाबरोबर गेली होती, आणि ती कागदावर परत आणायचं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. बत्तीस बिऱ्हाडांनी तो कागद बघितला, सेक्रेटरींनी बघितला, बिल्डरने बघितला. वाचला फक्त माझ्या आईने, आणि तिलाच आम्ही सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं.

काकांनी ओट्यावरचा मसाल्याचा डबा घेतला, झाकण काढलं आणि आईला समजावलं, आम्ही बिल्डिंग अशी कापतो, वरचं असं बाजूला ठेवतो, तुमची खिडकी ह्या झाकणात राहिली. चूक आमची. आईने ऐकून घेतलं. मग डब्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे खिडकी चार फुटांच्या वर आहे?"

"साडेचार."

"एवढी वर कशाला? माझा हात कसा पोचणार?"

काकांनी झाकण डब्यावर ठेवलं. हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. त्यांनी हळूच विचारलं, "हात कुठे पोचायला पाहिजे, ताई?"

आमच्या किचनच्या खिडकीसमोर आमच्याच मजल्यावरच्या शेजारीण जसुबेनच्या किचनची खिडकी. मध्ये दोन्हीकडून हात लांब केला की हाताला हात लागेल एवढी मोकळी जागा. त्या खिडकीतून वाट्या जायच्या-यायच्या हे मी जन्मल्यापासून बघत होते. इतक्या वर्षांत दोनच वाट्या खाली पडल्या, पण त्यातल्या एकीत कढी होती आणि खाली सेक्रेटरींची स्कूटर होती. आम्हा पोरांना ती एक गंमत होती. आई काकांना जे सांगायला लागली ते मात्र मी पहिल्यांदा ऐकलं.

"हिचे बाबा गेले तेव्हा मी सहा महिने दार उघडलं नव्हतं कोणाला. ही कॉलेजात जायची, हिला वाटायचं आई जेवते. जसुबेन रोज बारा वाजता त्या खिडकीत वाटी धरून उभी राहायची. बोलायची नाही काही. वाटी घेतली नाही तर हात तसाच धरून ठेवायची. दुखायला लागेल म्हणून मी घ्यायची. आणि तासाभराने रिकामी वाटी परत मागायची. रिकामी दिसली की कळायचं तिला, आज जेवली." आईने पदराने ओटा पुसला, जो स्वच्छच होता. "आता हे त्या सेक्रेटरीला कसं सांगायचं? हसतील मला."

मला त्या वेळी कुठे तोंड लपवू असं झालं. सहा महिने मी त्याच घरात जेवत होते.

तेवढ्यात समोरच्या खिडकीत जसुबेन आल्या. "साहेब, सही लेने आये हो? मेरी भी बाकी छे. सेक्रेटरी को बोला है, चश्मा टूट गया, पढ़ने को नहीं आता." चष्मा त्यांच्या नाकावर होता. आईला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती आणि आईलाही सांगितलं नव्हतं. आई तिच्याकडे बघत राहिली, मग दोघी एकदम हसल्या.

काका उठले आणि त्यांनी जे केलं ते बघून माझा विश्वास बसेना. आईला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पेन्सिलीची खूण केली. हात पुढे करायला लावून त्याची उंची घेतली. जुनी खिडकी मोजली, ओटा मोजला. तिथेच डायनिंग टेबलावर एका कागदाच्या दोन भागांत किचनची भिंत काढली, उभी कापून बाजूने बघावी तशी, सपाट. डावीकडे आजची, उजवीकडे नवीन. आणि दोन्हीकडे एकेक बाई काढली. गोल डोकं, साडीचा त्रिकोण, पुढे केलेला हात, हातात वाटी. ज्या माणसाने आयुष्यभर नकाशांतली माणसं पुसली, त्याने माझी आई काढली. बरोब्बर चार फूट दहा इंच. डावीकडे तिची वाटी खिडकीतून बाहेर जात होती. उजवीकडे ती भिंतीवर आपटत होती.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही आर्किटेक्टकडे गेलो. तरुण मुलगा होता, घाईत होता. काका म्हणाले, "वाचा."

त्याने बघितलं. "हात पोचत नाहीये."

"कोणाचा?"

"ह्या बाईंचा. वाटी द्यायचीय त्यांना बाहेर."

"पास," काका म्हणाले.

मुलगा हसला. खिडकी वर का घेतली होती, तर तिच्याखाली एक कपाट बसवायचं होतं, तेही व्हिडिओत छान दिसावं म्हणून. त्याने आमच्यासमोर मॉडेल उघडलं आणि एक आकडा बदलला. सगळ्या मजल्यांवरच्या किचनच्या खिडक्या एकदम दीड फूट खाली सरकल्या. एवढंच काम होतं. महिनाभर जे अडून बसलं होतं ते एका आकड्यात सुटलं.

ऑफिसात येऊन मी पुन्हा बटण दाबलं. काका मागे उभे होते. ह्या वेळी चार फुटांवर कापताना खिडक्या सापडल्या, आणि बत्तीसच्या बत्तीस नकाशांत किचनच्या भिंतीला खिडकी आली. मी इतकी खूश झाले, की खालच्या गॅरेजमधल्या दोन ड्रायव्हरना बोलावून आणलं आणि नकाशे पास करून घेतले. काकांनी विचारलं, "पुसायचं काय राहिलंय?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी खोडरबर खिशात ठेवला.

आईने सही केली ती डाव्या हाताचं बोट खिडकीवर ठेवून. जसुबेनचा चष्मा त्याच दिवशी दुरुस्त झाला. ज्या बाईने दारात येऊन सुनावलं होतं ती पेढे घेऊन आली आणि स्वतःच्या नकाशातली खिडकी आईला दाखवून गेली, बरोबर आहे ना म्हणून. त्यानंतर महिनाभर बिल्डिंगमधली निम्मी माणसं नकाशे घेऊन आईकडे येत होती.

बिल्डिंग उभी राहीपर्यंत काका रिटायर होऊन डोंगरीला राहायला गेले. मध्ये एकदा त्यांनी ऑफिसला जेवायला बोलावलं, तेव्हा पत्ता म्हणून एक नकाशा पाठवला होता. त्यात तीन रेषा होत्या, एक क्रूस, एक विहीर आणि एक कुत्रा. आमच्यातला एक हुशार मोबाइलवरचा नकाशा बघत गेला आणि खाडीच्या कडेला जाऊन उभा राहिला. आम्ही बाकीचे काकांच्या नकाशाने गेलो. क्रूस लागला, विहीर लागली, आणि कुत्रा जिथे काढला होता तिथेच झोपला होता. उजवीकडे काका दारात उभे. "कुत्रा पुसणार होतो," म्हणाले, "पण तो उठतच न्हाय."

नव्या घराच्या पूजेला ते आले. लिफ्टमधून उतरल्यावर आधी दाराजवळ चपला काढायला जागा आहे का ते बघितलं, आणि मग देवाआधी सरळ किचनमध्ये गेले. ओट्याशी उभं राहून खिडकीच्या कडेवर हात टेकवला. समोर इथेही हाताच्या अंतरावर जसुबेनचीच खिडकी होती. मान हलवली. मग त्यांचं लक्ष बाजूच्या भिंतीकडे गेलं.

तिथे आईने तो कागद लॅमिनेट करून लावला होता. आर्किटेक्टला दाखवलेला, तोच. पण लॅमिनेट करायच्या आधी तिने त्यावर स्वतःचं थोडं काम केलं होतं. काकांनी काढलेल्या बाईला बॉलपेनने कुंकू लावलं होतं. आणि डाव्या चित्रात खिडकीच्या पलीकडे, जिथे काकांनी कागद मोकळा सोडला होता, तिथे आणखी एक बाई काढली होती. गुजराती पदर, चष्मा, पुढे केलेला हात.

काका कागदाजवळ सरकले. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला. मी दारात उभी होते, मला वाटलं आता खोडरबर निघणार. आईलाही वाटलं असावं, कारण ती शिऱ्याचं पातेलं हातात घेऊन तशीच थांबली.

"ताई," ते म्हणाले, "जसुबेन जरा लांब काढलीत. हात पोचत न्हाय."

"मग?"

"लॅमिनेशनवर चालेल असं पेन आहे का?"

मी माझ्या पर्समधून मार्कर काढून दिला. काकांनी चष्मा लावला, वाकले आणि जसुबेनचा हात लांब केला, हळूहळू, वाटीला टेकेपर्यंत. इतक्या वर्षांत पुऱ्या झालेल्या नकाशात त्यांनी रेष वाढवलेली मी तेवढीच बघितली. मग बाजूला झाले आणि कागदाकडे हात करून आईला म्हणाले, "वाचा."

आईने पातेलं ओट्यावर ठेवलं. तिचं बोट एका बाईपासून निघालं, खिडकीतून पलीकडे गेलं आणि दुसऱ्या बाईपाशी थांबलं.

"पास," ती म्हणाली. "आता बसा, शिरा गार होतोय." आणि पहिली वाटी भरून तिने खिडकीतून बाहेर धरली.